निसर्गाच्या निवडीचा हिशेब

पुण्याहून साताऱ्याकडे निघाल्यावर नीरा नदीचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो आणि पहिले मोठे गाव लागते ते शिरवळ. गेल्या काही दशकांत इथे कारखाने आले, महामार्ग रुंद झाला, जमिनींचे भाव चढले. तरीही पावसाळा सरला की मेंढ्यांचे कळप घेऊन निघालेले धनगरांचे वाडे खंडाळा आणि फलटण तालुक्यांच्या या टापूत आजही दिसतात. घोड्याच्या पाठीवर संसार, त्यातच दोन दिवसांची कोकरे आणि मागे मेंढरांची लांबलचक रांग. याच शिरवळमध्ये क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी पशुअनुवंशशास्त्र आणि पैदासशास्त्र हे विषय पुस्तकातून शिकतात. पुस्तकातल्या त्या विद्येचा एक जुना प्रयोग महाविद्यालयाच्या दारावरून दरवर्षी चालत जातो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये. कळपात कोणता एडका राखायचा, कोणता खच्ची करायचा आणि कोणता लोणंदच्या बाजारात न्यायचा, हे धनगर ठरवतो तेव्हा तो निवडच करीत असतो.

चार्ल्स डार्विनने १८५९ साली उत्क्रांतीवरचा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील पहिले प्रकरण त्याने रानटी प्राण्यांना नव्हे, तर पाळीव प्राण्यांना आणि कबुतरे पाळणाऱ्या शौकिनांना दिले. माणसाची निवड वाचकाला पटली, की निसर्गाची निवड पटवणे सोपे जाईल, हा त्यामागचा हेतू होता. परंतु या दोहोंत एक मोठा फरक आहे. धनगराला विचारता येते, ‘बाबा, हाच एडका का ठेवलास?’ रानात विचारायचे कोणाला? तिथे थंडी, दुष्काळ, रोग, शिकारी श्वापद आणि जोडीदाराची पसंती हे सगळे मिळून निवड करतात. आणि कारण सांगत नाहीत. शिवाय वारसा एका पिढीतून दुसरीत नेमका कसा जातो, हे खुद्द डार्विनला ठाऊक नव्हते. त्यामुळे पुढची शंभर वर्षे अभ्यासकांच्या हाती होती ती केवळ बाहेरची मोजमापे : चोच किती लांब, शिंग किती जाड, कातडीचा रंग कोणता.

आज ती परिस्थिती नाही. रक्ताचा एक थेंब, केसाचे मूळ, एवढेच काय पण रानातल्या वाटेवर पडलेली विष्ठासुद्धा प्राण्याच्या वंशाविषयी बोलू लागली आहे. ते बोलणे ज्या खुणांच्या आधारे समजते त्यांना ‘जनुकीय खुणा’ किंवा प्रयोगशाळांच्या रोजच्या भाषेत ‘मार्कर’ म्हणतात. या खुणा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे नीट समजून घेण्याची वेळ आता सातारा-सांगलीकरांवर आली आहे. त्याचे कारण सह्याद्रीत आहे. तिकडे आपण शेवटी वळू. सुरुवात मात्र मेंढीपासूनच करू.

कळपाबरोबर चालणाऱ्या एखाद्या शेळीच्या गळ्यात घंटा बांधलेली असते. अंधारात मेंढरे दिसत नाहीत, पण घंटेच्या आवाजावरून कळप कुठे आहे ते कळते. मार्करचे काम या घंटेसारखे आहे. प्राण्याच्या पेशीतील डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली दीर्घ लिपी. मेंढीत ती सुमारे तीन अब्ज अक्षरांची असते. त्या लिपीत काही ठिकाणी दोन प्राण्यांमध्ये फरक आढळतो : कुठे एक अक्षर वेगळे असते, कुठे तीच दोन-तीन अक्षरे एकात दहादा तर दुसऱ्यात चौदादा लागोपाठ आलेली असतात. हा फरक बहुतेक वेळा प्राण्याचे काही बरेवाईट करीत नाही. तो फक्त ओळखता येतो आणि आईबापांकडून पिल्लाकडे जातो. गुणसूत्रावर एकमेकांशेजारी असलेली अक्षरे सहसा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. त्यामुळे निरुपद्रवी खूण सापडली की तिच्या शेजारी दडलेल्या महत्त्वाच्या जनुकाचाही माग लागतो. अर्थात घंटा म्हणजे कळप नव्हे. घंटा बांधलेली शेळी कधी चुकून दुसऱ्या कळपात जाते, तसे मार्कर आणि जनुक यांची फारकतही पिढ्यांच्या ओघात होऊ शकते.

शिरवळपासून पूर्वेला, लोणंदच्या पुढे असलेल्या फलटणमध्ये या गोष्टीचा एक उत्तम दाखला घडला आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात बंगालच्या सुंदरबनातून ‘गरोळ’ जातीच्या मेंढ्या आणल्या. दिसायला या मेंढ्या अगदी किरकोळ, पण एका वेताला दोन, कधी तीन कोकरे देणाऱ्या. आपली दख्खनी मेंढी अंगाने मोठी, उन्हातान्हात कोसच्या कोस चालणारी. मात्र तिला बहुधा एकच कोकरू होते. गरोळची ही बहुप्रसवता दख्खनीत उतरवता आली तर धनगराचे उत्पन्न वाढेल, असा साधा विचार त्यामागे होता.

या बहुप्रसवतेची कथा थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जाते. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांनी काही बंगाली मेंढ्या तिकडे नेल्या होत्या. पुढे न्यू साउथ वेल्समधील ‘बुरुला’ नावाच्या शेतावर जुळी-तिळी देणाऱ्या मरिनो मेंढ्यांचा एक कळप प्रसिद्धीस आला. त्यामागे एकच जनुक आहे, असा तर्क १९८० च्या सुमारास मांडला गेला. १९९३ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांना त्या जनुकाच्या आसपासच्या खुणा सापडल्या, म्हणजे घंटा ऐकू आली. प्रत्यक्ष कळप दिसायला २००१ साल उजाडले : तीन संशोधक गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिले की, सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात फक्त एक अक्षर बदललेले आहे. ‘ए’च्या जागी ‘जी’. त्या एका अक्षराने अंडाशयातील प्रथिनाचा एक घटक बदलतो आणि एका ऋतुचक्रात एकाऐवजी अधिक अंडी पक्व होतात. पुढच्याच वर्षी गरोळ मेंढ्यांतही नेमका तोच बदल आढळला आणि बुरुला मेंढ्यांचे मूळ बंगालचे, ही जुनी शंका खरी ठरली. या जनुकाला ‘फेकबी’ म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने फलटणच्या कळपांत त्याची तपासणी होऊ लागली. कोकरू जन्मताच रक्ताच्या थेंबावरून त्याच्याकडे हे जनुक आहे की नाही, असल्यास एक प्रत आहे की दोन, हे कळू लागले. एडक्याच्या बाबतीत तर ही सोय अनमोलच म्हटली पाहिजे. कारण एडका स्वतः वीत नाही, त्याचा गुण त्याच्या लेकींच्या वेतांवरूनच कळायचा. या प्रयत्नांतून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी पुढे आली, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये या एका जनुकावर पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळाही भरली.

इथे एक प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. अधिक पिल्ले देणारे जनुक जर इतके सोपे आहे, एका अक्षराचा तर फरक, तर मग सगळ्याच मेंढ्यांत ते का पसरले नाही? उत्तर कोणत्याही अनुभवी धनगराला ठाऊक असते. पिल्ले जन्मणे वेगळे आणि जगणे वेगळे. तीन कोकरांना दोनच सडांचे दूध पुरत नाही. प्रत्येकाचे वजन कमी भरते. वाड्याबरोबर रोज चालायचे असेल तर अशक्त कोकरू मागे राहते. चारा भरपूर असेल तिथे जे जनुक लाभाचे, तेच दुष्काळी माळावर जाच ठरू शकते. फलटणमध्ये माणूस खुराक देतो, बाटलीने दूध पाजतो आणि जनुकाच्या बाजूने पारडे झुकवतो. रानात पारडे झुकवणारा कोणी नसतो. तिथे काय होते, हे पाहायचे तर माणसाने हात न लावलेला मेंढ्यांचा कळप हवा. आणि असा कळप जगात आहे.

बेटावरची मेंढरे

स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात सेंट किल्डा नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातील हिर्टा बेटावर शतकानुशतके माणसे राहत होती. अखेर १९३० साली उरलेल्या ३६ रहिवाशांनी बेट सोडले. दोन वर्षांनी शेजारच्या सोए बेटावरून १०७ मेंढ्या हिर्टावर आणून सोडण्यात आल्या. मूळच्या पाळीव, पण आता पूर्ण रानटी झालेल्या. त्यांना कोणी चारा घालत नाही, कोणी औषध देत नाही, त्यांना खाणारा लांडगाही बेटावर नाही. त्यांची संख्या कधी सहाशेच्या घरात जाते, कधी दोन हजारांच्या वर चढते. संख्या वाढली की गवत संपते, आणि एखाद्या वाईट हिवाळ्यात निम्म्याहून अधिक मेंढ्या मरून पडतात.

१९८५ पासून शास्त्रज्ञ या मेंढ्यांच्या सलग नोंदी ठेवत आले आहेत. एप्रिलमध्ये कोकरे जन्मली की त्यांना धरून वजन घ्यायचे, कानात बिल्ला मारायचा, डीएनएसाठी नमुना घ्यायचा. ऑगस्टमध्ये पुन्हा पकडून मापे. नोव्हेंबरात माजाचा काळ, तेव्हा एडक्यांच्या झुंजी पाहायच्या. हिवाळा संपताना मेलेल्या मेंढ्या शोधून बिल्ले गोळा करायचे. कोकराची आई डोळ्यांना दिसते. बाप मात्र मार्करशिवाय कळत नाही, कारण माजात एका मेंढीमागे अनेक एडके असतात. म्हणजे मार्करचा पहिला उपयोग अगदी कुळकर्ण्याच्या दप्तरासारखा आहे : कोण कोणाचा, हे लिहून काढणे. जन्म, मृत्यू आणि वंश या तिन्ही नोंदी जुळल्या की मग निवड मोजता येते. निवड म्हणजे तरी काय? कोणत्या जनुकाचे धारक अधिक जगले आणि त्यांनी अधिक संतती मागे ठेवली, याचा हिशेब.

या हिशेबाने दोन कोडी सोडवली. पहिले रंगाचे. सोए मेंढ्या गडद तपकिरी किंवा फिकट रंगाच्या असतात. गडद मेंढ्या सरासरीने अंगाने मोठ्या. आणि मोठ्या मेंढ्या हिवाळ्यात तगण्याची शक्यता अधिक. तेव्हा गडद मेंढ्यांचे प्रमाण वाढत जायला हवे. प्रत्यक्षात वीस वर्षांत ते घटले! डोळ्यांनी पाहणाऱ्याला याचा उलगडा होणे शक्यच नव्हते. रंग ठरवणाऱ्या जनुकाची खूण तपासल्यावर २००८ साली तो झाला. गडद रंगासाठी जनुकाची एक प्रत पुरते. त्यामुळे एक प्रत असलेली आणि दोन प्रती असलेली मेंढी दिसायला सारखीच. पण आयुष्यभराचा हिशेब पाहता दोन प्रतीवाल्या मेंढ्या एकप्रतीवाल्यांपेक्षा मागे पडत होत्या. गडद रंगाच्या जनुकाशेजारी, त्याच गुणसूत्रावर, दुसरे काहीतरी बसलेले असावे आणि तेच नुकसान करीत असावे, असा निष्कर्ष निघाला. निसर्गाने रंगाची निवड केलीच नव्हती. रंग बिचारा शेजाऱ्याच्या पापाने भरडला जात होता.

दुसरे कोडे शिंगांचे. मोठ्या शिंगांचा एडका झुंजीत जिंकतो, अधिक मेंढ्या फळवतो, अधिक पिल्लांचा बाप होतो. मग काही एडक्यांना खुरटी, वेडीवाकडी शिंगे अजून का असतात? ती केव्हाच नाहीशी व्हायला हवी होती. शास्त्रज्ञांनी डीएनएतील हजारो एकाक्षरी फरक एकाच वेळी तपासणाऱ्या चिपचा उपयोग केला, आणि शिंगाचा आकार मुख्यतः एकाच जनुकावर ठरतो असे आढळले. २०१३ मध्ये त्याचा आयुष्याच्या नोंदींशी मेळ घातला गेला. मोठ्या शिंगांच्या जनुकाच्या दोन प्रती असलेले एडके बाप म्हणून यशस्वी, पण त्यांना आयुष्य कमी. खुरट्या शिंगांच्या दोन प्रतीवाले अधिक जगतात, पण त्यांना मेंढ्या मिळत नाहीत. दोन्ही जनुकांची एकेक प्रत असलेला मिश्र एडका मात्र शिंगांनीही बऱ्यापैकी आणि आयुष्यानेही दीर्घ. एकूण हिशेबात तोच पुढे. मिश्र एडक्याच्या पोटी दोन्ही प्रकार पुन्हा पुन्हा जन्मत राहतात; म्हणून दोन्ही जनुके कळपात टिकून आहेत. निवड म्हणजे नेहमीच एकाला ठेवणे आणि दुसऱ्याला हाकलणे नव्हे, दोघांनाही धरून ठेवणारी निवडही असते, हे पाठ्यपुस्तकात फार पूर्वीपासून होते. रानात, एका जनुकाच्या पातळीवर, इतक्या स्पष्टपणे ते क्वचितच दिसले असेल.

हे यश मार्करचे म्हणावे की कानातल्या बिल्ल्याचे? माझ्या मते दोघांचेही, पण झुकते माप बिल्ल्याला. प्रयोगशाळेची यंत्रे पैसे टाकून विकत मिळतात. कोणत्या मेंढीला कोणत्या वर्षी किती पिल्ले झाली आणि ती कोणत्या हिवाळ्यात मेली, हे विकत मिळत नाही.

उसातला बिबट्या

आता घरी येऊ. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या बिबट्यांविषयी आपल्याकडे एक विधान वारंवार कानी पडते : या बिबट्यांच्या कैक पिढ्या उसातच जन्मल्या, आता ही ‘वेगळी जातच’ तयार झाली आहे. ऊसतोडीच्या वेळी फडात बछडे सापडतात, त्यामुळे हे विधान पटतेही. परंतु ‘उसात जन्मणे’ आणि ‘उसासाठी निवडले जाणे’ या दोन गोष्टी एक नाहीत. बिबट्याचे पिल्लू वर्ष-दीड वर्ष आईबरोबर हिंडते. कुत्रे कसे धरावे, वस्तीजवळून केव्हा जावे, दिवसा कुठे दडून राहावे, हे ते आईकडून शिकते. शिकणे एका पिढीत होते. जनुकांची उलथापालथ व्हायला कितीतरी पिढ्या लागतात.

हा दावा तपासायचा तर पद्धत ठरलेली आहे. उसातले आणि जवळच्या जंगलातले बिबटे घ्यायचे, त्यांच्या असंख्य खुणा ताडून पाहायच्या. बहुतेक खुणांत दोघांत फरक नाही, पण दोन-चार ठिकाणी मात्र ठळक फरक आहे असे दिसले, तर त्या ठिकाणी निवडीचा संशय घ्यायला जागा होते. सर्वच खुणांत थोडाथोडा फरक दिसला, तर त्याचा अर्थ एवढाच की दोन्ही गट फारसे मिसळत नाहीत. आणि कुठेच फरक दिसला नाही, तर उसातला बिबट्या हा जंगलातल्या बिबट्याचाच भाऊ, केवळ हुशारीने जागा बदललेला. शिवाय आपण स्वतःही या हिशेबात ढवळाढवळ केली आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पकडलेले कित्येक बिबटे दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. अशा उचलबांगडीने माणसांवरचे हल्ले कमी होत नाहीत, हे पुढे अभ्यासातून दिसलेच. पण कोणता वंश कुठला, याची नैसर्गिक रेघही त्याने पुसट होते. तेव्हा तूर्तास ‘वेगळी जात’ म्हणणे म्हणजे सवयीला रक्त समजणे होय.

काळे पट्टे आणि चिमूटभर तीळ

निवडीचा दुसरा मोठा तोतया म्हणजे योगायोग. ओडिशातील सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पात काळपट वाघ दिसतात. त्यांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की पिवळा रंग जेमतेम उरतो. बंगळुरूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस’मधील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये याचे मूळ शोधून काढले. पुन्हा एकच अक्षर! आणि गंमत अशी की, घरच्या मांजरांच्या अंगावरचे पट्टे फिस्कटून मोठे डाग होतात तेही याच जनुकातील बदलांमुळे. सिमलीपालच्या सुमारे ३७ टक्के वाघांत हा रंग दिसतो. इतरत्र रानात तो आढळला नाही.

घनदाट, अंधाऱ्या साल-वनात काळा वाघ लपायला सोयीचा, म्हणून निसर्गाने त्याला निवडले, अशी कथा रचण्याचा मोह कोणालाही होईल. संशोधकांनी तो आवरला. त्यांनी गणकयंत्रावर हिशेब मांडून पाहिला : मूठभर वाघांपासून वाढलेली, बाहेरून नवे रक्त न मिळालेली संख्या असेल, तर केवळ योगायोगानेही हे जनुक इतके वाढू शकते का? उत्तर ‘हो’ असे आले. पोत्यात पांढरे आणि काळे तीळ मिसळलेले आहेत असे समजा. दरवर्षी त्यातली फक्त एक चिमूट पेरायची, आलेल्या पिकातली पुन्हा एक चिमूट. काही वर्षांतच शेत एकतर पांढरे होईल किंवा काळे. आणि त्यात काळ्या तिळाचा काहीही पराक्रम नसेल. याला जनुकीय विचलन म्हणतात. काळ्या रंगाला निवडीचा हातभार लागलाच नसेल असे यावरून सिद्ध होत नाही. पण योगायोगाने भागत असेल तिथे निवडीचा दावा करायला जास्तीचा पुरावा द्यावा लागतो.

त्याच वर्षी त्याच संस्थेतून रणथंबोरच्या वाघांविषयीही अभ्यास आला. रणथंबोरचे वाघ दीर्घकाळ इतरांपासून तुटलेले आहेत. त्यांच्यात अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यात पिल्ले होणे, वाढले आहे. अशा स्थितीत घातक जनुकाच्या दोन प्रती एकाच पिल्लात येण्याचा प्रसंग वारंवार येतो. जनुक फारच घातक असेल तर ते पिल्लू मरते आणि त्याबरोबर जनुकही जाते. निसर्गाने केलेली ही एक प्रकारची पाखडणी म्हणता येईल. तिच्या खुणा रणथंबोरच्या डीएनएत दिसल्या : अतिघातक बदलांची संख्या कमी. पण सूप कितीही चांगले असले तरी बारीक खडे राहतातच. जे उरले होते ते बहुतेक सगळ्या वाघांत पसरलेले होते, आणि त्यांच्या जोडप्रतींचा बोजा इतर भागांतल्या वाघांपेक्षा अधिक होता. सरिस्कातले वाघ नाहीसे झाल्यावर २००८ पासून तिथे वाघ नेले गेले ते रणथंबोरहूनच, ही गोष्ट या संदर्भात विचार करायला लावणारी आहे.

चांदोलीचा प्रश्न

आणि म्हणून सह्याद्री. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत त्याचे सुमारे ११६५ चौरस किलोमीटर क्षेत्र पसरले आहे. जंगल आहे, सांबर-गवे आहेत. वाघ मात्र नावापुरते. अधूनमधून एखादा नर दक्षिणेकडून चालत येतो आणि कॅमेऱ्यात टिपला जातो. नर येतो आणि मादी नसल्याने वंश पुढे जात नाही, अशी स्थिती. अखेर विदर्भातून वाघ आणण्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची एक वाघीण चांदोलीत आणण्यात आली.

भारतातील वाघांच्या जनुकीय अभ्यासांत मध्य भारतातले आणि पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातले वाघ असे वेगळे गट दिसून येतात. ताडोबा हे सागवान-बांबूचे कोरडे, तापणारे जंगल. कोयनेत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तेव्हा ‘विदर्भाचे रक्त सह्याद्रीला मानवेल का?’ हा प्रश्न रास्त आहे. माझे मत विचाराल, तर या प्रश्नाची भीती जरा जास्तच बाळगली जाते. मार्करवर दिसणारे गटांमधले फरक हे बहुतांशी निरुपद्रवी खुणांचे असतात. जंगले तुटली, वाटा बंद झाल्या, त्यातून ते ठळक झाले. त्यावरून एका गटाचा वाघ दुसऱ्या जंगलात जगायला नालायक, असा अर्थ काढता येत नाही. घंटेच्या आवाजावरून लोकरीची प्रत ठरवण्यासारखे ते होईल. अमेरिकेत फ्लोरिडातील प्यूमा अंतःप्रजननाने इतके खंगले होते की शेपट्या वाकड्या आणि नरांत वृषणाचे दोष दिसू लागले होते. १९९५ मध्ये टेक्सासहून आठ माद्या तिथे सोडल्या गेल्या. मिश्र पिल्ले अधिक जगली, दोष घटले, आणि पुढच्या काळात संख्या तिपटीवर गेली. तेव्हाही ‘रक्त भ्रष्ट होईल’ असा आक्षेप घेतला गेला होता.

खरी चिंता वेगळीच आहे आणि ती चिमूटभर तिळांची आहे. सात-आठ वाघांपासून संख्या उभी करायची आणि मग दक्षिणेच्या वाटा बंद पडू द्यायच्या, तर तीस-चाळीस वर्षांनी सह्याद्रीचे रणथंबोर होईल. राधानगरी, तिलारी आणि पुढे गोवा-कर्नाटकातील जंगलांकडे जाणारा पट्टा मोकळा राहिला, तर दर पिढीत एखाद-दुसरा बाहेरचा नर येऊन जनुकांचा हिशेब सुधारत राहील. त्या पट्ट्यात खाणी आणि रस्ते किती येतात, यावर सह्याद्रीच्या वाघाचे जनुकीय भवितव्य ताडोब्याच्या रक्तापेक्षा अधिक अवलंबून आहे.

इतक्या थोड्या वाघांवर निसर्गाची निवड मोजता येणार नाही, हेही आधीच सांगून टाकलेले बरे. हजारो मेंढ्यांच्या नोंदी असूनही सेंट किल्डावर एका शिंगाचे उत्तर मिळायला अठ्ठावीस वर्षे गेली. मोजता येईल ते एवढेच : कोणत्या वाघिणीला कोणत्या नरापासून पिल्ले झाली, त्यातली किती वाढली, त्यांच्यात नाते किती जवळचे. यासाठी वाघाला पुन्हा पुन्हा बेशुद्ध करण्याची गरज नाही. विष्ठेच्या पृष्ठभागावर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात, त्यांतला डीएनए पुरतो. अडचण आहे ती पावसाची. ओल्या हवेत डीएनए झपाट्याने कुजतो, आणि कोयना-चांदोलीत जून ते सप्टेंबर नमुना हाती लागला तरी बहुधा वाया जातो. त्यामुळे ऑक्टोबर सरल्यापासून वळवाच्या सरी येईपर्यंत वनरक्षकांनी वाटा धुंडाळायच्या, नमुने अल्कोहोलमध्ये किंवा ओल शोषणाऱ्या सिलिका-खड्यांत बंद करायचे, प्रत्येक बाटलीवर तारीख आणि ठिकाण लिहायचे, आणि हे दरवर्षी करायचे. पहिल्या वाघिणीची पिल्ले जन्मायच्या आधीपासून.